विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉप रेंगाळतोय, डिस्क सारखी १०० टक्के

जागरण_चालू
नमस्कार मंडळी, दोन आठवडे झाले, आता हात टेकले म्हणून विचारतेय. लॅपटॉप २०१८ चा, प्रोसेसर आठव्या पिढीचा आय५, रॅम ८ जीबी आणि १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सी ड्राइव्ह फॉरमॅट करून ११ कोरं टाकलं, डी तसाच ठेवला. टीपीएम (सुरक्षेची चिप) वगैरे ११ च्या सगळ्या अटींत मशीन बसत होतं. पण तेव्हापासून चालू केल्यावर सहा-सात मिनिटं काही उघडतच नाही, माउस मधेच गोठतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क लाल १०० टक्के, आणि दोनदा निळा स्क्रीन येऊन आपोआप रीस्टार्ट झालाय. अँटीव्हायरस काढला, स्टार्टअपमधलं सगळं बंद केलं, व्हिज्युअल इफेक्ट बंद केले, काडीचा फरक नाही. परत १० वर जाऊ का? डी मध्ये मुलीचे लहानपणापासूनचे व्हिडिओ आहेत आणि त्यांची दुसरी कॉपी नाहीये, म्हणून जास्त खटपट करायला हात धजत नाही.

तिसरा_मजला
नवीन विंडोज टाकल्यावर पहिले एक-दोन दिवस असं होतंच, मागे अपडेट उतरत असतात, सर्चचं इंडेक्सिंग चालू असतं, डिफेंडर सगळं स्कॅन करत असतो. पण दोन आठवडे म्हणजे फारच झाले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेखाली मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर असं दिसतंय का बघा. तसं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून टाका. आणि विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये कोअर आयसोलेशनखाली असलेली मेमरी इंटेग्रिटी बंद करून बघा, माझ्या जुन्या मशीनला त्याने बराच आराम पडला.

वायर_आणि_स्क्रू
मेमरी इंटेग्रिटीला सध्या हात लावू नका. ती सुरक्षेसाठी असते, जास्त जड जाते ते सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला, तुमचा आठव्या पिढीचा आहे.

मला शंका डिस्कची आहे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन डिस्क निवडा आणि १०० टक्क्यांच्या जोडीला दोन आकडे बघा, रीड स्पीड किती आणि अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम किती. १०० टक्के असताना ८०-१०० एमबी वाचत असेल तर डिस्क खरंच कामात आहे. पण १०० टक्के आणि वाचतेय अर्धा-एक एमबी, रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद, असं असेल तर ती एकाच जागी अडकून तोच सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय आणि बाकी सगळे तिच्यासाठी ताटकळत बसलेत. मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राम उतरवून ०५ (बदली केलेले सेक्टर), सी५ (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले) आणि सी६ (दुरुस्त न होणारे) या ओळींच्या रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, इथे लिहा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिममध्ये ७ किंवा १५३ नंबरच्या (डिस्कच्या अडचणींच्या) नोंदी आहेत का तेही बघा, आणि निळ्या स्क्रीनवर काय लिहिलं होतं ते आठवत असेल तर सांगा.

जागरण_चालू
बघितलं. रीड ०.७ एमबी, रिस्पॉन्स टाइम एकदा ४ हजारच्या वर गेला. ०५ ला ०, सी५ ला ५८, सी६ ला पण ५८, आणि वर पिवळ्यात कॉशन लिहिलंय. ७ नंबरच्या नोंदी ढिगाने आहेत, बॅड ब्लॉक म्हणतायत. स्क्रीनचा फोटो सापडला, कर्नल डेटा इनपेज एरर. म्हणजे काय समजायचं? एकांनी चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) चालवून सगळं दुरुस्त होतं असं सांगितलंय, रात्रभर लावून ठेवू का?

वायर_आणि_स्क्रू
नको! चेकडिस्क आत्ता अजिबात चालवू नका. स्लॅश आर प्रत्येक सेक्टर वाचत जातं आणि मरणाऱ्या डिस्कला एवढा ताण सोसेलच असं नाही, तुमचे व्हिडिओ आधी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर.

ते ५८ हेक्समधले (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतले) आहेत, क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू मुळात तशाच दाखवतो, म्हणजे आपल्या हिशोबात ८८ सेक्टर वाचता येत नाहीयेत. निळ्या स्क्रीनचं नावही तेच सांगतंय, मेमरीतून डिस्कवर ठेवलेला भाग परत हवा होता आणि तो वाचता आला नाही. नवीन विंडोजने डिस्क बिघडवली असं मला वाटत नाही. इन्स्टॉल करताना होतो तो क्विक फॉरमॅट, त्यात सेक्टर तपासलेच जात नाहीत, त्यामुळे आधीच कमजोर असलेल्या जागांवर आता सिस्टिमच्या फाइल जाऊन बसल्या असणार आणि त्या तर दर मिनिटाला लागतात. १० परत टाकलंत तरी डिस्क हीच राहणार.

लॅपटॉप बंद करा. दुसऱ्या मशीनवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट त्यावरूनच चालणारा) बनवा, त्यावरून बूट करा आणि बाहेरच्या डिस्कवर आधी फक्त व्हिडिओंचे फोल्डर घ्या. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा, तिच्यावर तासभर घालवू नका. अडणाऱ्या फाइल फारच निघाल्या तर कॉपी थांबवा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) घ्या, ते आधी चांगले भाग उचलतं आणि खराब जागांवर शेवटी परत येतं. डिस्क कटकट आवाज करायला लागली तर मात्र तिथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या.

तिसरा_मजला
सी५ चं वाचून माझं आधीचं मत मागे घेतो. फक्त एक, डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर लिनक्समध्ये डी उघडायला रिकव्हरी की लागेल, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेव्ह असते, फोनवरून बघून कागदावर लिहून घ्या. आणि ही डिस्क बदलून नवीन एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर जुनी डिस्क तिच्यावर क्लोन, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, करू नका, खराब वाचलेल्या फाइल तशाच येतील, विंडोज कोरंच टाका.

जागरण_चालू
आठ दिवसांनी लिहितेय. व्हिडिओ निघाले!! दोन फाइल सोडून सगळे, कॉपीला जवळजवळ दीड दिवस लागला. साटा एसएसडी बसवला, त्यावर तेच विंडोज ११, तीच ८ जीबी रॅम, आणि आता बटण दाबल्यापासून २० सेकंदांत काम सुरू होतं. रॅमवर पण शंका होती म्हणून मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही एरर नाही, निळा स्क्रीन परत आलेला नाही. त्या दोन फाइलसाठी जुनी डिस्क बाजूला ठेवलीये, डीडीरेस्क्यू या शनिवारी लावणार आहे, कमांड नीट जमली नाही तर इथेच विचारेन. तुम्हा दोघांचे खूप आभार, त्या रात्री चेकडिस्क लावलाच होता जवळजवळ.