मदत हवी आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसोबत नेटशिवाय चालणारं काय पाठवता येईल?

बालाघाटची_बाई

नमस्कार. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दसरा-दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं व्हायला लागतं. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली जोडपी टोळीसोबत निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सोलापूरला, कोणी थेट कर्नाटकात. गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलात परत येतात. घरी आजी-आजोबा असतील तर लेकरं गावात राहतात, हंगामी वसतिगृहात त्यांच्या जेवणाची सोय होते. मागं ठेवायला कोणीच नसेल तर ती आई-बापासोबत जातात. त्यात चौथीतल्या पोरी जास्त, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी लागतं.

शिक्षण हमी पत्रक आम्ही सोबत देतो, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. पण तळ, म्हणजे टोळीचा मुक्काम, शाळेपासून लांब असतो, एक फड (तोडायचं उसाचं रान) संपला की टोळी पुढच्या फडाला जाते, आणि कर्नाटकात गेलेल्या लेकरासमोर फळ्यावर कन्नड असतं. दिवाळीआधी जोडाक्षरं वाचणारी पोरगी परत येते तेव्हा काना-मात्रेपाशी अडखळते. हे बघवत नाही.

आमच्याकडे लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे, एक जुना लॅपटॉप आणि माझा फोन. रेंज शाळेच्या ओट्यावर येते, वर्गात येत नाही. दीक्षा हे सरकारी शिक्षणाचं ॲप मी वापरते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ओट्यावर व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि वर्गात दाखवायचे, एवढं जमतं. पण व्हिडिओ लेकरं नुसते बघतात. मला त्यांनी वाचावं, मोडतोड करत शिकावं असं हवं आहे.

तर जायच्या आधीच्या दिवसांत वर्गात काय करून घेऊ, आणि सोबत काय पाठवू? पालकांपैकी काहींकडे स्मार्टफोन, बाकीच्यांकडे कीपॅडचा. प्रत्येकाला टॅब मिळवून द्या असं कृपया सुचवू नका, तो इथं शक्य नाही.

गोदाकाठ

ताई, वाचनासाठी गुगलचं रीड अलाँग बघा. मार्च २०१९ मध्ये ते भारतात बोलो या नावानं आलं, नंतर मराठीही त्यात आली. लेकरू मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, चुकलेल्या शब्दावर थांबवून तो म्हणून दाखवतं. गोष्टी एकदा उतरवून ठेवल्या की नेट लागत नाही. जायच्या आधी पालकसभा घ्या आणि तुमच्या हॉटस्पॉटवरून तिथंच सगळ्यांच्या फोनमध्ये घालून द्या. भाषा मराठी करा, गोष्टी उतरवा आणि नेट बंद करून चालतं का ते बघूनच फोन परत द्या. बऱ्याच फोनमध्ये जागाच नसते. आधी फॉरवर्डचे व्हिडिओ काढावे लागतील, तेवढा वेळ धरून ठेवा.

गोंगाटात त्याला नीट ऐकू येत नाही आणि आपल्या बोलीतले उच्चार ते कधी कधी चूक धरतं. लेकरांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बरोबर वाचूनही ती खट्टू होतात.

विज्ञानवाट

वर्गातल्या दिवसांसाठी फेट सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर स्वतः हाताळून बघायचे गणित-विज्ञानाचे प्रयोग. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सगळं फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. एक सिम्युलेशन म्हणजे एकच फाइल. ती पेनड्राइव्हवर घेऊन जुन्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. एचडीएमआय वायरनं टीव्हीला जोडा. अपूर्णांकांचं घ्या, त्यात आकाराचे तुकडे करून पाव, अर्धा, पाऊण जुळवता येतं.

फक्त माउस लेकराच्या हातात द्या, आणि त्यानं हात लावायच्या आधी सगळ्या वर्गाला वहीत अंदाज लिहायला लावा. दोन पाव मोठे की एक अर्धा? लिहा, मग बघू. हा लिहिण्याचा टप्पा गळला की तेही व्हिडिओसारखंच होतं.

हिंगोलीकर_सर

कीपॅड फोनला मेमरी कार्ड लागतं, तिथूनच सुरुवात करा मॅडम. मी पाठ्यपुस्तकातले पाठ स्वतःच्या आवाजात वाचून एमपीथ्री करून देतो. एका पाठाची एक फाइल. हळू वाचायचं, प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून सांगायचं, "आता तू वाच." मग तेवढा वेळ शांत सोडायचं. लेकराच्या मांडीवर पुस्तक, ओळीवर बोट. पाठाच्या शेवटी दोन सोपे प्रश्न आणि एक तोंडी हिशेब. फाइलला नाव द्यायचं ते नुसता आकडा, कारण कीपॅडच्या फोनवर देवनागरी नावांचे बऱ्याचदा चौकोन दिसतात. पुस्तकात त्या पाठावर तोच आकडा पेननं लिहून द्यायचा.

आपल्या बाईंचा आवाज आहे म्हटल्यावर लेकरं परत परत ऐकतात. यात ॲप काहीच नाही, पण मला यासारखं उपयोगाचं दुसरं सापडलेलं नाही.

बालाघाटची_बाई

सर, हे फार आवडलं. आजच एक पाठ वाचून बघते. गोदाकाठ, रीड अलाँगही नक्की. पण एक काळजी आहे. घरातला स्मार्टफोन बापाकडे असतो, त्यानंतर पोराकडे जातो. पोरीच्या हाती तो येतच नाही, आणि माझ्या यादीत पोरीच जास्त आहेत.

कोपीतला_पोर

मी बी.एड. करतोय. लहानपणी आई-बापासोबत कारखान्याला जायचो, म्हणून लिहितो.

बाई, तळावर माणसं पहाटे अंधारात उठून फडात जातात. उसाची गाडी भरली की बाप कारखान्यावर गाडी रिकामी करायच्या रांगेत नंबरला थांबतो आणि फोन त्याच्याबरोबर जातो. म्हणजे लेकरं मोकळी असतात तेव्हा स्मार्टफोन तळावर नसतो. चार्जिंग ट्रॅक्टरवर नाहीतर गावातल्या दुकानात. त्यामुळं एकेका लेकराचा विचार करू नका, तळाचा करा. कोप्या (राहायच्या तात्पुरत्या झोपड्या) एकमेकींना लागून असतात आणि लेकरं दिवसभर एकत्रच असतात. गाणी वाजवायचा कार्ड लागणारा छोटा स्पीकर जवळपास प्रत्येक टोळीत असतो. सरांचं कार्ड त्यात बसतं. दुपारी धाकट्याला झोळीत टाकून पोरी एकीकडं ऐकूही शकतात.

टोळीबरोबर सहावी-सातवीतलं कोणीतरी जातच असतं. त्याला किंवा तिला कार्ड सांभाळायला द्या. सोबत गोष्टींची छापील पुस्तकं द्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी खुल्या परवान्यात आहेत, पीडीएफ उतरवून छापता येतात. कोणती टोळी कुठल्या कारखान्याला चालली हे मुकादमाला विचारा, त्याच्याकडं पक्की यादी असते.

विज्ञानवाट

परत आल्यावर कुठं पोचली हे कळण्यासाठी: जायच्या आधी प्रत्येकीचं एका ठरावीक उताऱ्याचं मिनिटभराचं वाचन फोनवर रेकॉर्ड करा, आल्यावर तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा उतारा. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेत ओघवतं आणि समजून वाचन हेच धरलं आहे, त्यामुळं केंद्रप्रमुखांना वेगळं समजावावं लागणार नाही. रेकॉर्डिंग मात्र गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

बालाघाटची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मी लेकरांची यादी वर्गवार केली होती, आता टोळीवार करते. एका टोळीला एक कार्ड, एक मोठी पोरगी, छापलेल्या गोष्टींचा एक गठ्ठा. स्मार्टफोन असेल तिथं रीड अलाँग. अपूर्णांक दिवाळीआधीच टीव्हीवर उरकते, म्हणजे कार्डावर फक्त सराव राहील.

आता दोन गोष्टी हव्या आहेत. गणिताचे तोंडी हिशेब आवाजात कोणी करून ठेवले असतील तर कृपया इथं सांगा, चौथीचे चालतील. आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात कारखान्याजवळच्या शाळेत शिकवणारं कोणी हा धागा वाचत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. कोणतं लेकरू कुठल्या पाठापर्यंत आलं आहे हे लिहून मी कार्डासोबत तुमच्याकडे पाठवीन.