छातीतलं पाणी काढताना बरगड्या मोजायच्या कशा?

प्रश्न (इंटर्न)
काल पहिल्यांदाच छातीतलं (फुप्फुसाभोवती साचलेलं) पाणी काढताना सिनिअरच्या शेजारी उभी होते. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला चिकटून घालायची, कारण वरच्या बरगडीच्या खालच्या काठाच्या खाचेत व्हेन, आर्टरी आणि नर्व्ह असतात, एवढं पाठ आहे. पण पेशंटच्या पाठीवर बोट ठेवलं आणि ही कितवी बरगडी तेच सांगता येईना. बारावीपासून वर मोजायला गेले, तर बारावी हाताला लागलीच नाही. तुम्ही कसं मोजता? आणि हा काठाचा नियम सगळीकडे सारखाच चालतो का?

उत्तर १ (थोरॅसिक सर्जन)
बारावीपासून कधीच मोजू नकोस. काहींची ती इतकी आखूड असते की कण्याशेजारच्या स्नायूंच्या बाहेर येतच नाही. मग अकरावीलाच बारावी धरलं जातं आणि सगळी मोजणी एकाने चुकते.

पुढून सुरुवात कर. गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेव आणि उरोस्थीवरून (छातीच्या मधल्या हाडावरून) सावकाश खाली ये. साधारण पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. पहिली कॉलरबोनच्या मागे दडलेली असते, तिच्या नादी लागू नकोस. पाठीवर खांद्याच्या पात्याचं खालचं टोक साधारण सातव्या बरगडीवर येतं, पण हात शरीरालगत असतील तरच. पेशंट टेबलावर हात टेकून पुढे वाकला की पातं फिरतं आणि खूण सरकते. त्यामुळे मी आधी हात खाली सोडायला लावून मोजतो आणि पेनाने खूण करून ठेवतो. नवव्या बरगडीच्या खाली जायचं नाही. श्वास सोडताना डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) बराच वर येतो, त्याच्या खाली उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा.

आता काठाच्या नियमाबद्दल. हे मनापासून लिहितोय, कारण एका माणसाला माझ्या चुकीची किंमत मोजावी लागली. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी एका वयस्कर गृहस्थांचं पाणी काढत होतो. बरगडीचा वरचा काठ अचूक पकडला होता, पण जागा कण्यापासून जेमतेम तीन बोटांवर निवडली होती. सिरिंजमध्ये पिवळसर पाणी येत होतं, आणि अचानक सुईच्या तोंडाशी लाल धार मिसळताना दिसली. छातीत रक्त साचलं, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. ते बरे होऊन घरी गेले.

कारण असं: बरगडीखालची आर्टरी महाधमनीतून निघाल्यावर लगेच खाचेत शिरत नाही. कण्याजवळ ती दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत उघडीच असते, बरगडी पाठीकडून पुढे वळते त्या कोनाच्या आसपास पोचल्यावर आडोशाला जाते. म्हाताऱ्या माणसांत ती वेडीवाकडी वळून आणखी खाली लोंबते. म्हणून कण्यापासून दहा सेंटीमीटर तरी बाहेर राहायचं. शिवाय आर्टरीची एक बारीक फांदी खालच्या बरगडीच्या वरच्या काठालगतही धावते, पण मुख्य नळीच्या मानाने तिचा धोका पुष्कळ कमी.

भूल देताना सुई आधी बरगडीच्या हाडाला टेकव, मग हळूहळू वर सरकवत काठ ओलांड. त्वचेनंतर सर्वांत जास्त दुखतं ते हाडाचं आवरण आणि बाहेरचा प्लुरा (छातीला आतून लागलेलं पातळ आवरण). औषध तिथे सढळ हाताने दे. फुप्फुसावरच्या प्लुराला ही वेदना नसते.

उत्तर २
अल्ट्रासाऊंड असताना एवढं मोजत कशाला बसायचं?

उत्तर १ कडून पुन्हा
मीसुद्धा अल्ट्रासाऊंडशिवाय पाणी काढत नाही, आणि तसंच करावं. पण प्रोब (अल्ट्रासाऊंडचा हातात धरायचा भाग) कुठे ठेवायचा हे तुझं बोटच ठरवतं. नोंदीत लिहायची जागाही मोजूनच कळते.

उत्तर ३ (कॅज्युअल्टीतली डॉक्टर)
एक भर घालते. छातीत नळी टाकायची तर ती काखेखालच्या सुरक्षित त्रिकोणात: पुढे पेक्टोरॅलिस मेजर या छातीच्या स्नायूची कड, मागे लॅटिसिमस डॉर्साय या पाठीच्या स्नायूची कड, खाली स्तनाग्राची पातळी. तिथे स्नायू पातळ असतात. फार मागे गेलात तर सेरेटस अँटिरिअर या पातं धरून ठेवणाऱ्या स्नायूला जाणारी नर्व्ह दुखावते आणि पातं पाठीवर पंखासारखं उचललं जातं.

टेन्शन न्यूमोथोरॅक्ससाठी (छातीत हवा कोंडून फुप्फुस दाबलं जातं तेव्हा) आम्ही पूर्वी पुढून दुसऱ्या फटीत, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मध्ये, सुई घालायचो. २०१८ च्या एटीएलएसच्या (अपघाती जखमींवरच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाच्या) दहाव्या आवृत्तीपासून प्रौढांसाठी चौथी-पाचवी फट, मिडॲक्सिलरी रेषेच्या (काखेच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेच्या) किंचित पुढे, असं सांगितलं जातं. जाड छातीच्या माणसात पुढून सुई पोचतच नव्हती. मुलांसाठी जागा दुसरी फटच.

प्रश्नकर्ती
सर, मॅडम, खूप आभार. रात्री रूममेटच्या परवानगीने तिच्या छातीवर मोजून पाहिलं. तो उंचवटा मिळाला! तिथून सातव्यापर्यंत तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बोट त्याच बरगडीवर आलं. हात पुढे घेतल्यावर पात्याचं टोकही खरंच बाहेर सरकलं. उद्या त्याच पेशंटचं पाणी परत काढायचं आहे. हात खाली असतानाच खूण करू का, असं सिनिअरना विचारणार आहे.