आईच्या नाकाजवळचा काळा फोड, नुसतं बघून कॅन्सरचा प्रकार कळत नाही का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आईच्या नाकपुडीच्या बाजूला बरेच महिने एक काळपट फोड आहे, कडा उचललेल्या नि चकचकीत, मधे खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं की परत तेच. दुखत बिखत नाही म्हणून ती दाखवायलाच तयार नव्हती. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी डर्मोस्कोप लावून पाहिलं, म्हणाले बहुतेक बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा हळू वाढणारा कॅन्सर), पण रंग काळा आहे तर मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा, जास्त धोक्याचा कॅन्सर) नाहीच असं बायोप्सीशिवाय, म्हणजे तुकडा काढून तपासल्याशिवाय, सांगणार नाही.

आता एवढे अनुभवी डॉक्टर, त्यात ते भिंग, तरी "बहुतेक" का? मामा म्हणतोय सुई लावली की कॅन्सर पसरतो, हातच लावू नका. मला पटत नाहीये पण खोडून काढता पण येत नाहीये. आणि पंच बायोप्सी करायची का अख्खा फोड काढूनच तपासायचा? कोणी या फील्डमधलं असेल तर प्लीज सांगा, गूगल करून करून मी जास्तच घाबरलेय.

प्रतिसाद:
पॅथॉलॉजीत काम करते म्हणून लिहिते. डॉक्टर बरोबर बोलले. सावळ्या त्वचेत बेसल सेल बऱ्याचदा काळाच असतो, थेट मेलानोमासारखा दिसतो, आणि मेलानोमा कधीकधी चक्क गुलाबी निघतो, वयानुसार येणारे चामखिळीसारखे डागही फसवतात. डर्मोस्कोपने अंदाज पक्का होतो, पण निकाल स्लाइडवरच, म्हणजे तुकडा मायक्रोस्कोपखाली बघूनच. शिवाय बेसल सेल आहे एवढं कळून भागत नाही, गाठीसारखा आहे का आत मुळं सोडणारा, यावर किती कापायचं ते ठरतं, नाकाजवळ तर फारच.

बेसल सेल वाटत असेल तर पंच चालतो, जागा बधिर करून ३-४ मिमीचा तुकडा. मेलानोमाचा दाट संशय असेल तर शक्यतो अख्खा डाग १ ते ३ मिमी कडेसकट काढतात, कारण तो किती मिमी खोल गेलाय यावर पुढचं सगळं, आणि वरवर खरवडला तर ती खोली मोजताच येत नाही. चेहऱ्यावर मात्र अख्खा काढणं दर वेळी जमत नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

मामांना सांगा, बायोप्सीने हा पसरत नाही. बेसल सेल तर दुसऱ्या अवयवात क्वचितच जातो, पण तसाच ठेवला तर जागेवरच नाक पोखरत बसतो. आणि हो, आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.