कॅलाहनशिवाय लिव्हरपूलचे सर्वकालीन अकरा?

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या सर्वकालीन अकरा खेळाडूंची एक यादी पाहिली. तिच्यात १९९० पूर्वीचे फक्त डॅलग्लिश आणि रश आहेत, गोलरक्षक ॲलिसन आहे. जेरार्ड, सालाह, व्हॅन डाइक यांच्याबद्दल वादच नाही. इस्तंबूलला २००५च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये ०-३ अशा पिछाडीवर असताना जेरार्डने मारलेला तो हेडर आजही आठवला की अंगावर काटा येतो.

पण इयन कॅलाहन कुठे आहे? क्लबसाठी सर्वाधिक सामने त्याचेच, ८५७. १९६० साली पहिला सामना खेळला तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं. १९६५च्या एफए कप फायनलमध्ये सेंट जॉनच्या विजयी गोलला क्रॉस त्याचाच. विंगर म्हणून आला, पुढे मधल्या फळीत स्थिरावला आणि १९७७ला रोममध्ये युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) जिंकणाऱ्या संघातही होता. तळापासून युरोपच्या शिखरापर्यंतचा सगळा प्रवास मैदानावर राहून केलेला माणूस बाहेर बसवायचा? मला तरी ते जमणार नाही.

गोलरक्षक मात्र खरंच अवघड निवड. ॲलिसन मलाही प्रिय आहे, पण माझं मत क्लेमन्सला. १९७८-७९च्या लीगमध्ये ४२ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, त्यातले ॲनफील्डवर चार! समोर हॅन्सनसारखा बचावपटू होता हे मान्य, तरीही. शिवाय तीन युरोपियन कप.

डॅलग्लिशला सालाहसोबत खेळवायचं असेल तर त्याला रशच्या जरा मागे ठेवा. बचावफळीकडे पाठ करून चेंडू पायाशी धरून ठेवणं आणि नेमक्या क्षणी पास सोडणं, हीच त्याची खरी ताकद होती.