नवा कूलंट सेन्सर बसवूनही पी०११८ परत येतोय, पुढे काय तपासू?

बारा_चौदा_पाना
२००३ सालची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन. थंड असताना लगेच सुरू होते. गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी सुरू करायला गेलं की खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, मग काळा धूर आणि पेट्रोलचा वास. प्लगवर कोरडी काजळी. इंजिन थंड असलं तरी रेडिएटरचा फॅन मध्येच फिरायला लागतो. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०११८. कूलंट टेंपरेचर सेन्सर नवा टाकला, कोड पुसला, तरी परत आला. डॅशबोर्डवरचा काटा मात्र नेहमीसारखा मध्यावर. ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) गेला असेल का?

ओहमचा_नियम
ईसीयूवर संशय घेण्याआधी बरंच तपासायचं बाकी आहे. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत दोन वेगळे सेन्सर असतात: काट्यासाठी एक वायरवाला, ईसीयूसाठी दोन वायरवाला. काटा बरोबर दिसतो म्हणून ईसीयूलाही तेच दिसतंय असं धरू नका.

पी०११८ म्हणजे 'सेन्सर खराब' नव्हे. सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज जास्त आहे, एवढंच तो कोड सांगतो. ईसीयू आतल्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सर ते खाली ओढतो. बऱ्याच सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंश सेल्सिअसला अडीच किलोओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचे आकडे मॅन्युअलमधून घ्या. सर्किट कुठेही तुटलं की व्होल्टेज ५ वरच राहतं आणि स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. ईसीयू मग कडाक्याच्या थंडीचा हिशेब धरून पेट्रोल सोडतो. थंड इंजिनाला ते चालून जातं, गरम इंजिनाचे प्लग भिजतात. बिघाड लक्षात आला की खबरदारी म्हणून तो फॅनही लावून ठेवतो.

इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर (वायरच्या टोकाचं कनेक्टर) काढा, मग इग्निशन चालू करा. कपलरच्या दोन पिनांमध्ये ५ व्होल्ट मिळायला हवेत. १२ मिळाले तर कपलर चुकीचा आहे, तिथेच थांबा. ५ असतील तर बारीक वायरने दोन्ही पिना जोडा आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा (त्या क्षणीचं तापमान) बघा. आकडा उणे ४० वरून १२०च्या पुढे उडाला, तर ईसीयू आणि वायरिंग त्या क्षणी तरी ठीक आहेत.

गरम_रेडिएटर
थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडा अडकला असेल तरीही इंजिन गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. तोही बघून घ्या.

ओहमचा_नियम
त्याने सहसा वेगळा कोड, पी०१२८ येतो, आणि लाइव्ह डेटात तापमान हळूहळू चढून ६०-७०वर रेंगाळतं. पी०११८ला सर्किट तुटल्यासारखं दिसावं लागतं. थर्मोस्टॅट ते करू शकत नाही.

बारा_चौदा_पाना
चाचणी केली. कपलर काढल्यावर उणे ४०, पिना जोडल्यावर १२०च्या वर. नव्या सेन्सरचा रेझिस्टन्सही मॅन्युअलप्रमाणे आहे. पण इंजिन चालू ठेवून कपलरजवळची वायर वाकवली की ८६ वरून क्षणात उणे ४०, सोडली की परत ८६.

तांब्याची_तार
मग बिघाड कपलरमध्येच किंवा त्याच्या मागच्या वीतभर वायरमध्ये. थ्रॉटल पोझिशनचा आकडा त्याच क्षणी उडत नसेल, तर सेन्सरांची सामाईक अर्थिंगची वायर शाबूत आहे. वायरिंगचा मोठा जुडगा उघडत बसू नका.

कपलरच्या मागचं रबर सील सरकवून हिरवट बुरशी आहे का बघा. मग सेन्सरच्या पिनेइतक्याच जाडीची सुटी पिन प्रत्येक टर्मिनलमध्ये (कपलरच्या आतला, पिन धरणारा धातूचा तुकडा) घालून ओढा. हाताला अडकल्यासारखं जाणवायला हवं. सैल निसटली तर टर्मिनल फाकलंय. मल्टिमीटरची जाड सुई समोरून खुपसली की नेमकं हेच होतं, म्हणून मोजताना वायरच्या बाजूने, मागून बारीक पिन घाला.

टर्मिनल घट्ट असेल तर वायर बोटांनी हलकेच ताणा. आतली तार तुटली असेल तिथे प्लॅस्टिकचं आवरण रबरासारखं लांबतं. तो तुकडा काढून त्याच जाडीची नवी वायर जोडा, वर आतून चिकट असलेली हीट श्रिंक नळी. टर्मिनल फाकलं असेल तर पकडीने दाबून वापरू नका, गरम-थंड होताना ते परत सैल पडतं. नवं टर्मिनल क्रिंप करा (खास पकडीने वायरवर दाबून बसवा) आणि वायरला थोडी ढील ठेवा. सध्या ती ताणलेली असेल तर इंजिनाच्या हादऱ्याने तिथेच पुन्हा तुटेल.

सेन्सर बदलताना कूलंट सांडला असेल तर पातळी भरून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा. त्यानंतर कोड पुसून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी-शेजारी वाचा. दोन्हींत दोन-तीन अंशांहून जास्त फरक नसेल, आणि गरम इंजिनावर वायर हलवूनही आकडा उडत नसेल, तर काम झालं.