शेजारच्या आजींचे 'मेसेजेस'

डंडीकर: सहा महिन्यांपूर्वी स्कॉटलंडमध्ये डंडीला आलो. काल शेजारच्या आजी म्हणाल्या, "मेसेजेस आणायला चाललेय." मी बावळटासारखा त्यांच्या फोनकडे बघत राहिलो! त्यांना वाणसामान आणायचं होतं. माझा इंग्रजी शब्दकोश इथे पार झोपतो. त्यात लेक मोबाइलवर गेलिक, म्हणजे इथली दुसरी भाषा, शिकायला लागलीय. दोन्हींसाठी एकच कोश आहे का?

खडूस_मास्तर: एकच कसा असेल? आजी बोलतात ती स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण, गेलिक आयरिशची. स्कॉट्ससाठी 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' ही साइट: जुन्या भाषेचे 12 खंड, 1700 नंतरच्या भाषेचे 10, सगळं फुकट. 'ड्रीख' (कुंद, कंटाळवाणं) शोधा, तुमच्या खिडकीबाहेरचं हवामान सापडेल.

सुपारी: गेलिकला 'अम फाक्लेर बेक' हा ऑनलाइन कोश. त्यात एडवर्ड ड्वेलीचा जुना कोशही आहे. हा गृहस्थ इंग्रज, म्हणजे आपल्या मराठी कोशकार मोल्सवर्थचाच भाऊबंद! उच्चार ऐकायचे तर 'लर्नगेलिक' ही साइट. एक गोम मात्र आहे. आपल्याकडे 'घोडा'चं 'घोड्याला' होताना शेपूट बदलतं, तिथे शब्दाचं तोंडच बदलतं. 'माहर' म्हणजे आई, पण 'माझी आई' म्हणताना म चा व होतो. लिहिताना एम पुढे एच येतो. शब्द सापडला नाही तर तो एच काढून शोधा.

डंडीकर: एच काढला, सापडला! लेक म्हणते, "बाबा, हे मला माहीत होतं." मग आधी का नाही बोलली कार्टी?