मदत हवी आहे: पाळी कधी येईल ते कळत नाही, आणि नवऱ्याचं तिकीट 60 दिवस आधी काढावं लागतं

सुरंगीचा_वळेसर:

लिहीन लिहीन म्हणत दोन महिने घालवले. वय 31, लग्नाला तीन वर्षं झाली, आता मूल हवंय. मी देवगड तालुक्यात सासूबाईंसोबत राहते, थोडी हापूसची कलमं आहेत. नवरा डोंबिवलीत खोली घेऊन राहतो. महिन्या-दीड महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री कोकणकन्येत बसतो, शनिवारी सकाळी कणकवलीला उतरतो, रविवारी रात्री परत.

वहीत लिहून ठेवलेली मागच्या सहा पाळ्यांमधली अंतरं अशी: 38, 52, 41, 67, 45, 58 दिवस. आता यात तिकीट कुठल्या तारखेचं काढायचं? आधी एक अ‍ॅप वापरलं. ते छातीठोकपणे तारखा दाखवायचं, आम्ही त्या धरून चार वेळा तिकिटं काढली. मग अंडं कधी सुटणार ते दाखवणाऱ्या पट्ट्यांचं किट आणलं, तर सलग चार दिवस दोन गडद रेषा! कुठला दिवस खरा धरायचा?

सोनोग्राफीत पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते ते) निघालं. डॉक्टर दर वेळी पाळी येण्याच्या गोळ्या लिहून देतात, बाकी रक्ताची तपासणी एकही नाही.

अजून एक मनात खुपतंय. गेल्या गणपतीत नवरा चक्क नऊ दिवस घरी होता. घरचा गणपती, मोदकांपासून सगळं माझ्या हातात, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. ती कधी येणार हेच माहीत नसल्यामुळे दोन आठवडे आधीपासून घेतल्या. त्याने काही कायमचं बिघडलं असेल का?

सासूबाई वाईट नाहीत हो. पण जत्रेत सगळ्या भावकीसमोर गाऱ्हाणं घातलं, ‘औंदा तरी घरात पाळणो हलूंदे रे म्हाराजा’, आणि पाठून सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’. तिथून पळून जावंसं वाटलं.

चिपळूणकरीण:

तुझी वही वाचून माझीच आठवली. माझी पाळी 40 ते 70 दिवसांत कधीही यायची.

अ‍ॅप 28 दिवसांच्या हिशेबाने किंवा सरासरी काढून चालतं. अंडं पाळीनंतर चौदाव्या दिवशी सुटतं हे आपण शाळेपासून धरून बसलोय. खरं तर ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. म्हणजे 38 दिवसांच्या वेळी चोविसाव्या दिवसाच्या आसपास, आणि 67 दिवसांच्या वेळी त्रेपन्नाव्या! तेही त्या खेपेला सुटलं असेल तर. पुढची पाळी आल्यावर मागे मोजून कळणार, तोवर नवरा डोंबिवलीत.

किटचं म्हणशील तर ती पट्टी एलएच नावाचं हार्मोन दाखवते, अंडं सुटायच्या आधी ते वाढतं. पीसीओएसमध्ये ते मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे रेषा गडद दिसत राहते. त्यापेक्षा स्रावाकडे लक्ष दे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, दोन बोटांत तार धरणारा झाला की ते दिवस जवळ आले. फुकटात कळतं. पण पीसीओएसमध्ये तोही कधी कधी चकवतो.

आणि कोणी ‘एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन करा’ (अंडं सुटलं का ते बघायची रक्ततपासणी) म्हणालं तर तुझी वही पुढे कर. माझं एकविसाव्या दिवशी केलं, ‘अंडं सुटलं नाही’ असं सांगितलं, मी दोन दिवस रडले. ती तपासणी पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी करायची असते. माझी त्या खेपेला एकसष्टाव्या दिवशी आली.

पांढराकोट:

रत्नागिरीत नर्स आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

गणपतीच्या गोळ्यांनी कायमचं काही बिघडत नाही, ते मनातून काढ. पण एवढ्या आधीपासून घेतल्या तर त्या खेपेचं अंडं सुटणं अडू शकतं. म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी बहुधा गोळ्यांतच गेली. पुढच्या गणपतीत मोदक जाऊबाई वळतील! 58 किंवा 67 यातलं जे अंतर त्या गोळ्यांचं असेल ते हिशेबातून वगळ. आणि पाळी आणायच्या गोळ्या घेण्याआधी दर वेळी घरी गर्भ राहिलाय का ते तपासून बघ, हे चुकवू नकोस.

लोक ‘वर्षभर प्रयत्न करा मग या’ म्हणतात. ते पाळी नियमित असलेल्यांसाठी. अंतर 35 दिवसांच्या वर जात असेल तर थांबायचं कारण नाही. रक्तातलं थायरॉइड, प्रोलॅक्टिन (हेही एक हार्मोन), साखर एवढं तरी होऊ दे. पाळी आणून दिली म्हणजे अंडं सुटलं असं नाही, त्या गोळ्या नुसता रक्तस्राव आणतात.

अंडं तयार होण्यासाठी आता सहसा लेट्रोझोल देतात. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस, मग सोनोग्राफीने फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, किती वाढलं ते बघतात. स्वतःच्या मनाने अजिबात नाही. पण तुझ्या अडचणीत याचा फायदा बघ: अंडं सुटायचे दिवस बरेचसे अंदाजात येतात. साधारण शेवटच्या गोळीनंतर पाच ते दहा दिवस. 60 दिवस आधी नाही, पण दोन आठवडे आधी तरी तारीख कळेल. तत्काळ काढा, नाहीतर रात्रीची लक्झरी आहेच. किंवा तूच त्या महिन्यात डोंबिवलीला जा. फॉलिकलची सोनोग्राफी दिवसाआड करतात, देवगडहून ते हेलपाटे परवडायचे नाहीत.

शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, सुटलेलं अंडं मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून आधी भेट झालेली बरी. नंतर धावत येऊन उपयोग नाही.

भाऊचा_धक्का:

बायकांच्या धाग्यात नाक खुपसतोय, माफ करा. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झाली का, हे अजून कोणीच विचारलं नाही. आमच्यात दोन वर्षं बायकोच्या गोळ्या चालल्या आणि निघालं माझ्यात. लाज वाटते, खरं आहे. लॅबमध्ये तो डबा हातात देतात तेव्हा कुठे बघावं कळत नाही. पण अर्ध्या तासाचं काम आहे. आधी दोन ते सात दिवस संबंध नको, एवढंच पथ्य.

सुरंगीचा_वळेसर:

सगळ्यांचे आभार. 67 दिवसांचं अंतर गोळ्यांचंच होतं, वहीत बघितलं. काल नवऱ्याला फोनवर भाऊंचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ठाण्यात करतो, डोंबिवलीत ओळखीचे आहेत.

आंब्याच्या पेट्या एकदा गेल्या की मीच महिनाभर तिकडे जाते. सासूबाईंना ‘तपासणी’ असा शब्द न वापरता काय सांगू, ते ठरत नाही. नणंद चार दिवस येऊन राहते म्हणाली, बाकीच्या दिवसांचं बघू.

एक विचारायचं राहिलं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी पाळी लांबली तरी चालूच ठेवायची ना?

पांढराकोट:

हो, रोज. आजपासून. तुला किती मात्रा लागेल ते फक्त डॉक्टरांना विचार.